स्किला आणि कॅरिब्डिस

ग्रीक पुराणकथांमधील दोन राक्षसिणी. एका चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या दोन काठांवर, बाणाच्या टप्प्याइतक्या अंतराने त्या समोरासमोर बसलेल्या असतात. ट्रॉयच्या युद्धाहून आपल्या इथाका बेटाकडे निघालेल्या ओडिसियस राजाला जहाज याच वाटेने न्यावे लागते. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या १२व्या सर्गात हा प्रसंग येतो.

स्किला उंच कड्यावरच्या गुहेत राहते. पाय बारा, लांबलचक माना सहा, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा. आवाज मात्र कुत्र्याच्या पिल्लाचा. समोरच्या बुटक्या खडकावर रानअंजिराचे झाड आहे. त्याखाली कॅरिब्डिस दिवसातून तीनदा समुद्र गिळते आणि तीनदा ओकते. इकडे आड, तिकडे विहीर असली तरी दोन्हींची खोली सारखी नाही. म्हणूनच सर्सी ही जादूगारीण बजावते, की स्किलाच्या कडेने जा, सहा माणसे गेलेली परवडली. आणि तिच्याशी लढू नकोस.

ओडिसियस तरीही चिलखत चढवून, दोन भाले घेऊन जहाजाच्या पुढच्या टोकावर उभा राहतो. स्किलाबद्दल खलाशांना तो अवाक्षरही सांगत नाही, कारण घाबरून त्यांनी वल्ही टाकली तर सगळेच बुडणार. सगळ्यांचे डोळे भोवऱ्याकडे लागलेले असताना सहा जण वरच्या वर उचलले जातात. गळाला लागलेला मासा खडकावर फेकावा तसे ते तडफडतात आणि त्याचेच नाव घेऊन हाका मारतात. समुद्रावर पाहिलेले सर्वांत करुण दृश्य हेच, असे तो पुढे स्वतःच सांगतो. त्याच्या मौनाला शहाणपण म्हणावे की दगा, याचा निवाडा होमर करत नाही.

पुढे जहाज फुटल्यावर तो एकटाच वाहत कॅरिब्डिसपाशी परत येतो आणि गिळलेले वासे बाहेर पडेपर्यंत त्या अंजिराला वटवाघळासारखा लोंबकळून राहतो.

ही जागा म्हणजे इटली आणि सिसिली यांच्यामधली मेसिनाची सामुद्रधुनी, असे प्राचीन काळापासून मानले जाते, इ. स. पू. ५व्या शतकातला इतिहासकार थ्युसिडिडीसही तसेच नोंदवतो. सामुद्रधुनीची रुंदी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३ किलोमीटर आहे. तिच्या दोन टोकांना भरती-ओहोटीच्या वेळा उलट असल्याने साधारण दर ६ तासांनी प्रवाह फिरतो आणि भोवरे उठतात. इटलीच्या बाजूच्या गावाचे नाव आजही शिल्ला आहे. पाणी दिवसातून दोनदाच ओढले जाते, ‘तीनदा’ ही नकल करणाऱ्याची तरी चूक असावी किंवा माहितीतली, असा खल स्ट्रेबोच्या भूगोलग्रंथात सापडतो.