वास्तववाद्यांचे ऐकले कोणी?

आदर्शांपेक्षा सत्ता आणि हित यांवर राजकारण चालते, असे मानणारा वास्तववाद म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या कारवायांना तत्त्वज्ञानाचा मुलामा, असा एक सरसकट समज आहे. पण या विचाराची माणसे पाहिली तर त्यातली बरीचशी सत्तेने बाहेर काढलेली दिसतात.

मॅकियाव्हेली १४९८ ते १५१२ फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा चिटणीस होता. तिथले जुने सत्ताधारी मेदिची घराणे परतले, नोकरी गेली, कटाच्या संशयावरून तुरुंगात छळ झाला. सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी हे सांगणारे ‘द प्रिन्स’ लिहिले गेले ते त्यानंतर, १५१३ मध्ये. जर्मनीत १८४८ ची क्रांती फसली, तेव्हा उदारमतवाद्यांचे गणित कुठे चुकले हे लुडविग फॉन रोखाऊने १८५३ मध्ये मांडले. तो स्वतः उदारमतवादी. त्याचा ‘रेआलपोलिटिक’ (वास्तवाचे राजकारण) हा शब्द पुढे चिकटला तो जर्मनी एक करणाऱ्या बिस्मार्कला! आपल्याकडचे रामचंद्रपंत अमात्य अपवाद म्हणायचे. राजाराम महाराज जिंजीत असताना त्यांनी इथला कारभार पेलला होता. त्यामुळे १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्र’ या त्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथातला टोपीकरांविषयीचा (युरोपीय व्यापाऱ्यांविषयीचा) इशारा अनुभवाचा आहे: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राज्ये आहेत, यांना समुद्रकाठी पाय रोवू देऊ नयेत.

विसाव्या शतकात हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी याचे शास्त्र केले. जर्मनी सोडून अमेरिकेत आलेला हा ज्यू प्राध्यापक. त्यांचे ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ (१९४८) कैक वर्षे पाठ्यपुस्तक होते. गाभा एवढाच की राष्ट्रहिताचा विचार सत्तेच्या भाषेत करा. तोच निकष लावून त्यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध केला. तिथे अमेरिकेचे कळीचे हित नाही आणि सगळे कम्युनिस्ट एका माळेचे मणी नाहीत, असे त्यांचे म्हणणे. १९६५ मध्ये संरक्षण खात्याने त्यांचे सल्लागारपद काढून घेतले. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर त्यांच्याशी वाद घालणारे मॅकजॉर्ज बंडी हे अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार. गंमत अशी की तेही स्वतःला व्यवहारीच समजत.

राष्ट्रे हित पाहूनच वागत असतील, तर त्यांना हित समजावून सांगावे का लागते? मॉर्गेन्थाऊंचे उत्तर होते की सिद्धान्त म्हणजे फोटो नव्हे, चित्रकाराने काढलेले व्यक्तिचित्र. प्रत्यक्ष राजकारणातले चुकार तपशील गाळून विवेकी धोरण कसे असेल ते दाखवणारे. उत्तर चतुर आहे, पण मला ते पुरते पटत नाही. मग वर्णन कुठे संपते आणि उपदेश कुठे सुरू होतो?

हा पेच पुढच्या पिढीलाही सुटला नाही. सप्टेंबर २००२ मध्ये ३३ अभ्यासकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात दिली: इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही. सह्या करणाऱ्यांत केनेथ वॉल्ट्झ आणि जॉन मिअर्शायमर हे या पंथाचे म्होरके होते. मार्च २००३ मध्ये हल्ला झालाच.