परदेशी बांधकामाचं टेंडर: भरायचं की सोडायचं

परदेशात रस्ता, पूल, धक्का असं काही काम निघालं की टेंडर भरण्याआधी ठेकेदार कंपनी बसून ठरवते की या कामात पडायचं का नाही, त्याला धंद्यात ‘गो, नो-गो’ म्हणतात. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीकडचे ठेकेदार पीडब्ल्यूडीची कामं भरताना हेच करतात, पण तिथे खाण ओळखीची, मुकादम ओळखीचा, इंजिनियर बिल कधी काढतो तेही माहीत, त्यामुळे निम्मं उत्तर आधीच तयार असतं. परदेशात ते निम्मं कोरं असतं आणि ते भरायलाच पैसे लागतात, साईट बघायला माणसं पाठवा, तिथला वकील धरा, सिमेंट-सळीचे तिथले रेट काढा, आणि काम नाही लागलं तर हा सगळा खर्च अंगावर.

कागदावर डझनभर मुद्द्यांना मार्क देऊन बेरीज करतात, पण माझ्या मते खरा प्रश्न एकच, पैसे कोण देणार आणि अडकले तर सुटणार कसे. वर्ल्ड बँकेच्या कर्जावरचं काम किंवा आपल्या एक्झिम बँकेच्या लाइन ऑफ क्रेडिटवरचं, म्हणजे आपल्या बँकेने तिथल्या सरकारला दिलेल्या कर्जावरचं काम असेल तर जीव जरा शांत राहतो, कारण लाइन ऑफ क्रेडिटमध्ये भारतीय ठेकेदाराला पैसे एक्झिम बँकच देते. नुसत्या तिथल्या सरकारच्या भरवशावर असेल तर ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीचा विमा मिळतो का ते आधी बघतात.

हे किती महत्त्वाचं आहे ते कोकणाने उलट्या बाजूने बघितलंय. गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळचा वीज प्रकल्प उभा राहिला त्यात एन्रॉनबरोबर जीई आणि बेक्टेल या अमेरिकन कंपन्या होत्या, म्हणजे परदेशी पाहुणे आपण नाही, ते होते. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि करार रद्द झाला, मग परत बोलणी होऊन १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला, आणि २००१ मध्ये वीज मंडळाबरोबर बिलांचा वाद होऊन सगळं बंद पडलं. पुढे बेक्टेल आणि जीईला अमेरिकन सरकारी विम्यातून भरपाई मिळाली. वीज महाग होती हा लोकांचा राग खराच होता, पण ठेकेदाराच्या नजरेने बघितलं तर राजकीय जोखीम म्हणजे काय ते शिकायला दुसरीकडे कुठे जायला नको.

दुसरी मोठी गोष्ट बँक गॅरंटी. परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम नीट पुरं करू याची बँकेने घेतलेली हमी, साधारण कामाच्या किमतीच्या ५ ते १० टक्के असते, ॲडव्हान्सची वेगळी, आणि बरेचदा ती ‘ऑन डिमांड’ असते, म्हणजे काम देणाऱ्या मालकाने मागितली की बँक देऊन टाकते, चूक कोणाची ते नंतर लवादात भांडत बसायचं. शिवाय बँकेने आपल्याला ठरवून दिलेली तेवढी लिमिट अडकते आणि गावाकडची चार कामं हातची जातात, हा हिशोब नवखे करत नाहीत.

करार बहुतेक फिडिकचा, म्हणजे सल्लागार इंजिनियरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने छापलेल्या नमुन्याचा असतो, आणि त्याची पुस्तकं रंगावरून ओळखतात. लाल पुस्तकात डिझाईन मालकाचं आणि मोजमापाप्रमाणे बिल, चंदेरी पुस्तकात म्हणजे टर्नकीत, डिझाईनपासून सगळं करून तयार काम हातात द्यायचं त्यात, जवळपास सगळी जोखीम ठेकेदाराची. १९९९ च्या आवृत्तीत जादा पैशाची किंवा मुदतीची नोटीस २८ दिवसांत दिली नाही तर हक्क जातो. तोंडी सांगितलं होतं साहेबांना, हे तिथे चालत नाही, म्हणून पत्रं लिहिणारा माणूस आपल्याकडे आहे का हासुद्धा निर्णयाचा भाग.

हवामान पण बघावं लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मातीकाम बंद, हे इथल्या पोराला पण कळतं. यूएईत बरोबर त्याच दिवसांत, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी असते, ते वेळापत्रकात धरलं नाही तर उशिराचा दंड लागतो. माणसांच्या बाबतीत मात्र कोकणाला फायदा आहे, गावागावात आखातात काम केलेले लोक भेटतात, पण कमी शिकलेल्या कामगाराला तिकडे न्यायचं तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देशाबाहेर कामाला जायची सरकारी परवानगी लागते, तिला वेळ धरावा लागतो.

अनुभवाचा दाखला कमी पडला तर स्थानिक कंपनीबरोबर जेव्ही, म्हणजे भागीदारी करतात.

हा निर्णय एकदाच होत नाही. प्रीक्वालिफिकेशनला, म्हणजे टेंडर भरायला कोण पात्र ते मालक आधी तपासतो तेव्हा एकदा, टेंडरचे कागद हातात आल्यावर एकदा आणि रेट घालायच्या आदल्या रात्री एकदा, आणि त्या शेवटच्या बैठकीत कधीकधी महिनाभर केलेलं टेंडर न भरता तसंच ठेवून देतात.