बेसबॉल व्यवस्थापकाची प्रतिस्पर्धी संघांवरील जाहीर टीका

बेसबॉल संघाच्या व्यवस्थापकाने वृत्तपत्रांतून, आकाशवाणीवरून किंवा वार्ताहरांशी बोलताना दुसऱ्या संघाचा दर्जा, खेळण्याची रीत, आर्थिक स्थिती अथवा प्रामाणिकपणा यांविषयी केलेली प्रतिकूल विधाने. सामना चालू असताना डगआउटमधून (मैदानाच्या कडेला खेळाडू बसतात त्या जागेतून) ओरडून प्रतिपक्षाला डिवचण्याची प्रथा याहून वेगळी आणि बहुधा अधिक जुनी आहे. तिचा विचार येथे केलेला नाही. येथे अभिप्रेत असलेली टीका मैदानाबाहेर होते, छापून येते आणि म्हणूनच ती बोलणाऱ्याच्या अंगलट येऊ शकते.

क्रिकेटमधील दौऱ्याचा व्यवस्थापक हा मुख्यतः प्रशासकीय अधिकारी असतो. बेसबॉलचा व्यवस्थापक खेळाडूंप्रमाणे गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो, फलंदाजीचा क्रम लावतो, पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) कधी बदलायचा ते ठरवतो आणि पंचांशी वादही तोच घालतो. अमेरिकेतील मेजर लीगचा हंगाम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक वर्षी १५४ सामन्यांचा असे (१९६१-६२ पासून १६२). जवळजवळ रोज सामना, रोज वार्ताहर आणि रोज भरायचा रकाना, अशी ही व्यवस्था होती. त्यात न्यूयॉर्क शहरात १९५७ पर्यंत तीन संघ नांदत होते. त्यांपैकी जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स हे दोन एकाच लीगमध्ये असून परस्परांशी हंगामात २२ सामने खेळत. या विषयाचे बहुतेक प्रसिद्ध दाखले न्यूयॉर्कचे आहेत. तेथील व्यवस्थापक विशेष तोंडाळ होते असे यावरून ठरत नाही. तेथे लिहून घेणारे अधिक होते, हे कारण अधिक पटते.

या प्रथेचा आद्य दाखला म्हणून जॉन मॅग्रॉ (१८७३–१९३४) याने फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स संघाला उद्देशून वापरलेला ‘पांढरा हत्ती’ हा शब्दप्रयोग दिला जातो. अमेरिकन लीगने १९०१ मध्ये स्वतःला नॅशनल लीगच्या बरोबरीची मेजर लीग म्हणून घोषित केले आणि जुन्या लीगचे खेळाडू पळवण्यास सुरुवात केली. फिलाडेल्फियात व्यवस्थापक कॉनी मॅक आणि भागीदार बेन शाइब यांचा ॲथलेटिक्स हा नवा संघ उभा राहिला. त्या संघावर होणारा खर्च म्हणजे शाइबने विकत घेऊन दारी बांधलेला पांढरा हत्ती होय, अशा आशयाचे मॅग्रॉ बोलला. विधान झाले याविषयी फारसे दुमत नाही. ते केव्हा झाले याविषयी आहे. काही वृत्तान्त ते संघाच्या स्थापनेच्या सुमारास, म्हणजे १९०१ मध्ये घालतात, तर बहुसंख्य लेखक १९०२ हे वर्ष देतात. मॅग्रॉ जुलै १९०२ पर्यंत स्वतःच अमेरिकन लीगमधील बाल्टिमोर ओरिओल्सचा व्यवस्थापक होता. लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सन पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल त्याला वारंवार निलंबित करी. त्या भांडणाअंती तो लीग सोडून नॅशनल लीगच्या न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. ज्या लीगमध्ये स्वतःचा संघ आणि पैसा गुंतला आहे तिच्यातील भागीदाराचे दिवाळे जाहीरपणे वाजवण्यापेक्षा, बाहेर पडल्यावर तसे बोलणे अधिक संभवनीय वाटते. या दृष्टीने जुलै १९०२ किंवा त्यानंतरचा काळ ग्राह्य धरणे बरे. एप्रिल १९०२ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नॅप लाजोई या अव्वल खेळाडूविषयी नॅशनल लीगच्या फिलीज या त्याच शहरातील जुन्या संघाच्या बाजूने निर्णय दिल्याने ॲथलेटिक्सला त्याच्यावर पाणी सोडावे लागले होते. तेव्हा हा संघ तोट्यात जाईल हे भाकीत त्या वर्षी अगदीच निराधार नव्हते. प्रत्यक्षात त्याच वर्षी ॲथलेटिक्सने लीगचे विजेतेपद मिळवले आणि त्यांची प्रेक्षकसंख्या फिलीजपेक्षा कितीतरी अधिक भरली.

मॅकने हा शब्द अंगावर घेतला आणि हत्ती हेच संघाचे चिन्ह केले. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत) ॲथलेटिक्स आणि मॅग्रॉचे जायंट्स हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा मॅग्रॉला एक लहानसा खेळण्यातला हत्ती भेट देण्यात आला. तो मॅकने दिला असे काही ठिकाणी म्हटले आहे, तर काही वृत्तान्तांत कर्णधार लेव्ह क्रॉस याचे नाव येते. मॅग्रॉने भेट हसून स्वीकारली, यावर मात्र एकमत दिसते. ती मालिका जायंट्सने ४–१ अशी जिंकली. पाचही सामन्यांत हरणाऱ्या संघाला एकही धाव करता आली नाही आणि क्रिस्टी मॅथ्यूसनने त्यांतील तीन सामने पिचर म्हणून एकहाती काढले. परतफेड १९११ आणि १९१३ मध्ये झाली. दोन्ही वेळा ॲथलेटिक्सने मॅग्रॉच्या संघाला हरवले. संघ पुढे कॅन्सस सिटीला (१९५५) आणि ओकलंडला (१९६८) गेला. चार्ली फिन्ली या मालकाने मधल्या काळात हत्ती काढून खेचर आणले, पण १९८८ मध्ये हत्ती गणवेशावर परतला. एका व्यवस्थापकाच्या हेटाळणीने दुसऱ्या संघाला शतकाहून अधिक टिकलेले बोधचिन्ह द्यावे, असे दुसरे उदाहरण सहसा दिले जात नाही.

मॅग्रॉची टीका शब्दांपुरती राहिली नाही. १९०४ मध्ये जायंट्सने नॅशनल लीग जिंकली, तेव्हा त्याने आणि मालक जॉन ब्रश याने अमेरिकन लीगच्या विजेत्यांशी खेळण्यास नकार दिला. आपण एकमेव खऱ्या मेजर लीगचे विजेते आहोत, दुय्यम लीगशी खेळून काही सिद्ध करायचे राहिलेले नाही, असा त्यांचा पवित्रा होता. आदल्याच वर्षी त्या ‘दुय्यम’ लीगच्या बोस्टन संघाने पिट्सबर्गला हरवून पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली होती. नकाराची घोषणा हंगामाच्या मध्यावर झाली, त्या वेळी न्यूयॉर्क हायलँडर्स (नंतरचे यँकीज) अमेरिकन लीग जिंकण्याच्या शर्यतीत होते. आपल्याच शहरातील नव्या संघाला बरोबरीचा मान द्यायचा नाही, हा हेतू जॉन्सनवरील रागाइतकाच महत्त्वाचा असावा. अखेरीस बोस्टनच विजेता ठरला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झाली नाही. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. पुढच्या वर्षी मालिकेचे नियम ब्रशच्याच पुढाकाराने तयार झाले.

मॅग्रॉचा वारस बिल टेरी (जायंट्सचा व्यवस्थापक १९३२–४१) याचे विधान त्यामानाने निरुपद्रवी होते. १९३३ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यानंतर, १९३४ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये वार्ताहरांसमोर तो येत्या हंगामाचा अंदाज सांगत होता. द न्यूयॉर्क टाइम्सचा रोस्को मॅगोवन याने ब्रुकलिनबद्दल विचारले. टेरीच्या उत्तराची शब्दरचना निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी आढळते. ‘ब्रुकलिन अजून लीगमध्ये आहे का?’ हे त्याचे रूढ रूप; हिवाळाभर त्यांच्याकडून काही ऐकू आलेले नाही, अशीही पुस्ती जोडलेली सापडते. ती पुस्ती खरी धरल्यास बोलण्याचा रोख संघाच्या दर्जापेक्षा त्यांच्या कार्यालयाच्या निष्क्रियतेवर होता असे म्हणता येते, आणि संदर्भ पाहता ते असंभाव्य नाही. ब्रुकलिनच्या प्रेक्षकांनी मात्र तसा सूक्ष्म भेद केला नाही. फेब्रुवारीत डॉजर्सने केसी स्टेंगेलला व्यवस्थापक नेमले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सात सामन्यांनी आघाडीवर असलेले जायंट्स घसरत घसरत शेवटच्या दोन दिवसांच्या तोंडावर सेंट लुइस कार्डिनल्सच्या बरोबरीत आले, आणि ते दोन्ही सामने पोलो ग्राउंड्स या जायंट्सच्या मैदानावर ब्रुकलिनशीच होते. २९ सप्टेंबरला व्हॅन मंगोच्या पिचिंगवर डॉजर्स ५–१ ने जिंकले. ३० तारखेला दहाव्या डावात ८–५ ने. टेरीच्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले फलक घेऊन ब्रुकलिनचे प्रेक्षक नदी ओलांडून आले होते. कार्डिनल्सने दोन सामन्यांच्या फरकाने लीग जिंकली. डॉजर्स स्वतः सहावे आले, ही गोष्ट या कथेच्या बहुतेक पुनर्कथनांत गळते.

चार्ली ड्रेसन या डॉजर्सच्या व्यवस्थापकाचे जायंट्स ‘मेले’ असे सांगणारे व्याकरणदुष्ट इंग्रजी वाक्यही याच कुळातले. ते कोठे १९५१, तर कोठे १९५३ चे म्हणून उद्धृत होते. १९५१ मध्ये ऑगस्टात तेरा सामन्यांनी मागे पडलेल्या जायंट्सने शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकले आणि बॉबी थॉमसनच्या होम रनवर डॉजर्सला मागे टाकले. कथा अधिक चांगली जमते म्हणून ते वाक्य मागे १९५१ कडे ओढले गेले असण्याची शक्यता डावलता येत नाही.

लिओ डुरोशरचे प्रकरण शब्दशुद्धीच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीचे आहे. जुलै १९४६ मध्ये पोलो ग्राउंड्सच्या डगआउटमध्ये, जायंट्सविरुद्धच्या सामन्याआधी, डॉजर्सचा व्यवस्थापक डुरोशर वार्ताहरांशी गप्पा मारत होता. समालोचक रेड बार्बर याने त्याला भला माणूस होण्याविषयी चिडवले. त्यावर डुरोशरने समोरच्या बाजूला, मेल ऑटच्या जायंट्सकडे बोट दाखवले आणि ही सगळी भली माणसे आहेत व ती सातव्या स्थानावर आहेत, असे तो म्हणाला. न्यूयॉर्क जर्नल-अमेरिकन या दैनिकात फ्रँक ग्रॅहमने हे संभाषण दिले. ‘भली माणसे शेवटी येतात’ हे आज जगभर म्हणीसारखे वापरले जाणारे वाक्य त्यात नाही. सातव्या स्थानाचे ‘शेवटचे स्थान’ झाले ते पुनर्मुद्रणात. त्यापुढचा संक्षेप मथळे लिहिणाऱ्यांचा दिसतो. डुरोशरने आधी हे वाक्य आपले नसल्याचे सांगितले आणि पुढे ते स्वीकारलेही, इतके की १९७५ मधील त्याच्या आत्मचरित्राला तेच नाव आहे. मूळ विधानात भलेपणाची टवाळी होती की ऑटच्या खेळाडूंत ईर्ष्या नाही हे निदान होते, यावर मतभेद आहेत. ग्रॅहमचा मजकूर सलग वाचल्यास दुसरा अर्थ अधिक जुळतो, कारण त्याच ओघात डुरोशर आपल्या एडी स्टँकी या खेळाडूच्या जिद्दीची स्तुती करतो. जायंट्स त्या वर्षी खरोखरच आठवे, म्हणजे शेवटचे आले. जुलै १९४८ मध्ये ऑटच्या जागी जायंट्सचा व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली ती डुरोशरचीच.

त्याला खरी किंमत मोजावी लागली ती दुसऱ्या टीकेबद्दल. मार्च १९४७ मध्ये हवाना येथील सराव सामन्यांत यँकीजचा एक मालक लॅरी मॅकफेल याच्या आसनांजवळ दोन नामांकित जुगारी बसलेले दिसले. डुरोशरवर आधीच वाईट संगतीचा ठपका होता. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का, असा त्याचा सवाल होता. ब्रुकलिन ईगल दैनिकात त्याच्या नावाने सदर येई. ते प्रत्यक्षात संघाचा प्रवास-सचिव हॅरल्ड पॅरट लिहीत असे. त्या सदरातील मजकुराबद्दल आणि अशा विधानांबद्दल मॅकफेलने तक्रार केली. आयुक्त हॅपी चँडलर याने ९ एप्रिल रोजी डुरोशरला संपूर्ण हंगामासाठी निलंबित केले, दोन्ही संघांना प्रत्येकी २,००० डॉलर आणि पॅरटला ५०० डॉलर दंड केला. निर्णयात एका विधानाचा नव्हे, तर साचत आलेल्या अप्रिय घटनांचा आधार घेतलेला होता. त्यामुळे सहा दिवसांनी जॅकी रॉबिन्सन हा डॉजर्सचा कृष्णवर्णीय खेळाडू लीगमधली वर्णबंदी मोडून मेजर लीगमधला पहिला सामना खेळला तेव्हा त्याच्यासाठी आग्रह धरणारा व्यवस्थापक डगआउटमध्ये नव्हता.

टीकेचा तांत्रिक उपयोगही असतो. प्रतिस्पर्धी पिचर चेंडूला थुंकी वा वंगण लावतो असे व्यवस्थापक जाहीरपणे म्हणाला, की पंचांना चेंडू तपासणे भाग पडते आणि पिचरची लय मोडते. आरोप खरा ठरण्याची गरज नसते. १९२० पासून निषिद्ध असलेल्या या चेंडूबद्दल क्लीव्हलंडच्या गेलॉर्ड पेरीवर अनेकांनी बोट ठेवले; ३० ऑगस्ट १९७३ रोजी डेट्रॉइट टायगर्सच्या बिली मार्टिनने निषेध म्हणून आपल्याच दोन पिचरना तसे चेंडू टाकायला लावले आणि सामन्यानंतर ते वार्ताहरांना सांगूनही टाकले. लीगने त्याला निलंबित केले आणि काही दिवसांतच संघाने कामावरून काढले.

१९७६ च्या वर्ल्ड सिरीजनंतर विजेत्या सिनसिनाटी संघाचा व्यवस्थापक स्पार्की अँडरसन पत्रकारांना म्हणाला की आपला कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) जॉनी बेंच याच्याशी कोणाची तुलना करून त्याला लाजवू नका. यँकीजचा कॅचर थर्मन मन्सन तेथेच होता. मालिकेत बेंचची फलंदाजीची सरासरी (यशस्वी फटक्यांचे प्रमाण) .५३३ आणि मन्सनची .५२९ होती. विजेत्याने हरलेल्याविषयी केलेल्या टीकेचे हे ठळक उदाहरण.

नियमांच्या बाजूने पाहता दुसऱ्या संघाला कमकुवत म्हणणे हा अपराध नाही. आयुक्ताचे पद १९२० मध्ये निर्माण झाल्यापासून ‘खेळाच्या हिताविरुद्ध वर्तन’ या लवचिक तरतुदीखाली कारवाई होते, आणि ती प्रामाणिकपणावरील आरोप किंवा पंचांची निंदा यांपुरतीच बहुधा मर्यादित राहते. उलट, दुसऱ्या संघाशी करारबद्ध असलेल्या खेळाडूविषयी जाहीर ओढ दाखवली तर फूस लावल्याबद्दल दंड होऊ शकतो. व्यवस्थापकाला प्रतिस्पर्ध्याची निंदा स्तुतीपेक्षा स्वस्त पडते, ते यामुळे.

जपानमध्ये व्यवस्थापकाने दुसऱ्या संघाबद्दल संयमाने बोलावे असा संकेत आहे. तो मोडणारा म्हणून कात्सुया नोमुरा (१९३५–२०२०) प्रसिद्ध झाला. याकुल्ट स्वॉलोजचा व्यवस्थापक असताना (१९९०–९८) तो टोकियोचा योमिउरी जायंट्स संघ आणि त्यांचा व्यवस्थापक शिगेओ नागाशिमा यांच्या उधळपट्टीवर सतत बोट ठेवी. १९९५ च्या जपान सिरीजपूर्वी त्याने प्रतिस्पर्धी ओरिक्स संघाच्या इचिरो सुझुकीचे पाऊल चेंडू मारताना आखलेल्या चौकटीबाहेर जाते असे जाहीरपणे म्हटले आणि आतल्या बाजूचा चेंडू हेच त्याचे वर्म असल्याचे सुचवले. इचिरोच्या मनात शंका पेरणे आणि पंचांचे लक्ष वेधणे, असा दुहेरी डाव त्यात होता असे मानले जाते. याकुल्टने मालिका ४–१ ने जिंकली आणि इचिरोची सरासरी .२६३ राहिली. नंतर हानशिन टायगर्सकडे (१९९९–२००१) त्याचा संघ तिन्ही वर्षे तळाला होता, तरी त्याची कुरकुर थांबली नाही. राकुतेन संघात (२००६–०९) तर सामन्यानंतरची ती कुरकुर दूरचित्रवाणीच्या बातम्यांत स्वतंत्रपणे दाखवली जाई.