ख्रिस्ती ध्यान आणि १९८९चे पत्र : पार्श्वभूमी

ख्रिस्ती माणसाने डोळे मिटून, श्वासावर लक्ष ठेवून बसावे का, असा वाद निघाला की दोन्ही बाजू १५ ऑक्टोबर १९८९ या तारखेच्या पत्राचा दाखला देतात. हे पत्र रोमहून, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयातून, जगभरच्या बिशपांना गेले. त्यामागे आधीच्या वीसेक वर्षांतल्या घडामोडी होत्या.

इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील एका मठाच्या साधूंना दिसले, की तरुण मंडळी झेनकडे आणि भावातीत ध्यानाकडे चालली आहेत. त्यांनी चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजी ग्रंथाच्या आधारे सोपी पद्धत बसवली. एक छोटा शब्द निवडायचा, वीस मिनिटे शांत बसायचे आणि मन भरकटले की हलकेच त्या शब्दाकडे यायचे. त्याच सुमारास लंडनमध्ये बेनेडिक्टाइन या कॅथलिक मठपंथाच्या एका संन्याशानेही ध्यानगट सुरू केला. जप तो मलायात एका हिंदू स्वामींकडून शिकला होता, पण शब्द घेतला तो नव्या करारातला, ‘मारानाथा’, म्हणजे ‘ये, प्रभू’.

झेन, भावातीत ध्यान आणि योग यांची नावे पत्रात पहिल्याच तळटीपेत येतात. या दोन मठवासी पद्धतींचे नाव मात्र कुठेच नाही. ‘रोमने ध्यानावर बंदी घातली’ असे सांगणाऱ्यांनी पत्र बहुधा उघडलेलेच नसते. केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून इतर धर्मांतल्या पद्धती झिडकारू नयेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. आसनाने किंवा श्वासाने मिळणारी स्वस्थता म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन, असे कोणी समजू नये. देवाची भेट ही कृपा आहे, ती तंत्राने ओढून आणता येत नाही. यासाठी पत्र थेट चौथ्या शतकातल्या एका पंथाची आठवण देते, जो कृपा म्हणजे तिचा जाणवणारा अनुभव असे धरून चालला होता. इशारा रास्त आहे. सूर मात्र नको इतका धास्तावलेला आहे, कारण श्वास आणि शरीर चर्चला काही पूर्वेच्या धर्मांनी नव्याने दाखवले नव्हते.

अ‍ॅथोस या ग्रीसमधल्या पर्वतावरचे, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे साधू चौदाव्या शतकात हनुवटी छातीला टेकवून, श्वास संथ करून ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ असा जप करत. दक्षिण इटलीतून आलेल्या एका विद्वान संन्याशाने ‘यांचा आत्मा बेंबीत असतो’ अशी त्यांची टर उडवली. १३४१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने साधूंची बाजू घेतली आणि १३५१च्या सभेने ती कायम केली. गंमत अशी, की श्वासाच्या लयीवरचा हा जप पुष्कळांना उपयोगी पडू शकतो, हे १९८९चे पत्रही मान्य करते.

पश्चिमेतल्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधली धास्ती १६८७ची आहे. आत्म्याने काहीच न करता निव्वळ स्तब्ध राहावे, असे शिकवणाऱ्या एका स्पॅनिश पुरोहिताची ६८ विधाने रोमने त्या वर्षी दोषी ठरवली. तो १६९६ साली कैदेतच वारला. त्यानंतर दीर्घकाळ निःशब्द प्रार्थनेकडे संशयाने पाहिले गेले. शास्त्रातला प्रसंग डोळ्यांपुढे आणून त्यावर विचार करणे, म्हणजे सोळाव्या शतकापासून रुळलेली वाट, तेवढी सुरक्षित मानली गेली.

त्याआधीच्या शतकांत असा पेच फारसा दिसत नाही. इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी बायबलच्या स्तोत्रसंहितेतली मदतीची एकच हाक दिवसभर घोळवत. बाराव्या शतकातल्या एका मठवासी लेखकाने वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशा चार पायऱ्या मांडल्या.

प्रॉटेस्टंटांपैकी अनेकजण आजही बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या आज्ञेवर बोट ठेवतात. नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन कर, असे तिथे म्हटले आहे. मन रिकामे करण्याला त्यांचा विरोध रोमपेक्षा कडक आहे, आणि अ‍ॅथोसचा जपही त्यांच्यातल्या अनेकांना पटत नाही.