कोको प्रमाणीकरण आणि कोकणातील छोटी बागायत

बाग जंगल तोडून लावलेली नाही, बंदी असलेली औषधे फवारली जात नाहीत, मुलांना मजुरीला लावले जात नाही, हे त्रयस्थ संस्थेने तपासून दिलेले पत्र म्हणजे कोकोचे शाश्वतता प्रमाणपत्र. त्या पत्राच्या जोरावर बियांना बाजारभावापेक्षा थोडी जादा रक्कम मिळते. रेनफॉरेस्ट अलायन्स (यात 2018 मध्ये युट्झ विलीन झाली) आणि फेअरट्रेड या यातल्या दोन मोठ्या योजना. कोकोत त्यांचा मोठा भर पश्चिम आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांवर आहे, कारण जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. भारतात हे पीक मुख्यतः केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत आहे. कोकणात ते माड-पोफळीच्या वाडीतले आंतरपीक म्हणूनच शोभते. उघड्या कातळावर ते जगत नाही.

हिशेब

20 गुंठ्यांची माडाची बाग धरू. माड 7.5 मीटरवर असतील, तर दोन ओळींच्या मधोमध 3 मीटरवर कोकोची एक ओळ बसते. म्हणजे सुमारे 90 झाडे. ऑक्टोबर ते मे ठिबकने दिवसाला झाडामागे 20 लिटरच्या आसपास पाणी आणि वेळच्या वेळी छाटणी झाली, तर झाडाला वर्षाकाठी एक किलो सुकी बी धरायला हरकत नाही. एकूण 90 किलो.

रेनफॉरेस्ट अलायन्सची किमान जादा रक्कम टनामागे 70 डॉलर आहे. डॉलर 85 रुपये धरला तर किलोला सहा रुपये, म्हणजे या वाडीला वर्षाला साधारण 540 रुपये. फेअरट्रेडची जादा रक्कम ऑक्टोबर 2019 पासून टनाला 240 डॉलर आहे. ती किलोला वीस रुपयांच्या घरात जाते, पण शेतकऱ्याच्या हातात न पडता संस्थेच्या सामाईक निधीत जमा होते. एवढ्या पैशात तपासनिसाचा प्रवासखर्चही निघत नाही. उलट बाजारभावच टनाला हजार डॉलरने हलला, तर किलोमागे 85 रुपयांचा फरक पडतो. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारातला कोकोचा वायदा भाव टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला आणि पुढच्याच वर्षी निम्म्याहून खाली आला. एकट्या वाडीने प्रमाणपत्राच्या मागे लागू नये, हे इथे स्पष्ट सांगायला हवे.

आधी बिया एकत्र, मग कागद

कोको दर दहा-पंधरा दिवसांनी काढतात. सुक्या बीच्या तिप्पट ओली बी धरली, तर वरच्या वाडीतून वर्षाला 270 किलो आणि एका काढणीला सरासरी जेमतेम 8-11 किलो ओली बी निघते. एवढा ढीग आंबवण्याच्या पेटीत नीट तापत नाही. बियांवरचा पांढरा गर आंबताना दोन दिवसांत उष्णता 45 अंशांच्या पुढे गेली पाहिजे. तसे झाले तरच अंकुर मरतो, कडवटपणा उतरतो आणि चॉकलेटचा स्वाद धरतो. थंड राहिलेली बी कापली की आत पाटीच्या दगडासारखी करडी दिसते आणि खरेदीदार ती नाकारतो. टोपलीत थोड्या बिया आंबवता येतात, पण गावातल्या पाच-दहा वाड्यांची ओली बी एकाच दिवशी एका जागी आली, तर सहा दिवस, दिवसाआड उलथापालथ करून, एकसारखा माल निघतो.

वाळवण ही कोकणातली खरी अडचण आहे. पावसाळी काढणीचा माल उन्हात वाळत नाही. सुपारीसारखा चुलीवरच्या माळ्यावर टाकला, तर धुराचा वास बीमध्ये कायमचा राहतो. धूर न लागणारा ड्रायर हवा आणि तापमान 60 अंशांच्या वर नको. ओलावा सात टक्क्यांवर यावा. आठच्या वर राहिला की पोत्यात बुरशी येते.

हेच वाडीवाले एकत्र आले की प्रमाणीकरणाचा खर्चही वाटला जातो. गट-प्रमाणीकरणात (सर्वांचे मिळून एकच प्रमाणपत्र) गट स्वतः दरवर्षी प्रत्येक बाग तपासतो. बाहेरचा तपासनीस निदान सभासदसंख्येच्या वर्गमुळाएवढ्या बागा पाहतो. शंभर सभासद असतील तर दहा.

कुठे अडते

पहिली अडचण सातबारा. एका सर्व्हे नंबरवर मुंबई-पुण्यातल्या चुलत भावंडांसह अनेक नावे असतात आणि वाडी कसणारा त्यातला एकच असतो. कसणाऱ्याच्या नावे संमतीपत्र आधीच करून घ्यावे. दुसरी अडचण शेजारची हापूसची कलमे. ती खंडाने दिलेली असली, तर व्यापारी काय फवारतो यावर मालकाचा ताबा नसतो. काजूवरच्या ढेकण्यासाठी मारलेले कीटकनाशकही वाऱ्याने कोकोवर येते, आणि हीच कीड कोकोच्या फळांवरही डाग पाडते. मध्ये झाडांचा पट्टा राखावा आणि फवारणीची तारीख, औषध, मात्रा वहीत लिहावी. तपासणीत अनेक गट याच वहीपाशी अडकतात.

पावसाळ्यात फळे काळी पडून कुजतात. त्यावर पाऊस लागण्याआधी एक टक्का बोर्डो, म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, फवारतात. सुपारीच्या कोळेरोगामुळे हे मिश्रण इथे सर्वांना माहीत आहे. सेंद्रिय प्रमाणीकरणातही ते चालते, पण तांब्याच्या मात्रेवर मर्यादा आहे. कुजलेली फळे झाडावर ठेवली तर फवारणी वाया जाते.

जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोली पट्ट्यातले माड-पोफळी मोठ्या प्रमाणावर पडले. अशा मोकळ्या झालेल्या जागेत थेट कोको लावू नये. आधी केळीची सावली उभी करावी, कारण कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही.

ओली बी थेट कंपनीला विकणाऱ्यांनी प्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे ते करारात पाहावे. ते कंपनीच्या नावे असेल, तर तोच माल प्रमाणित म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही. देशातच विक्री करायची असेल, तर पीजीएस-इंडिया ही सेंद्रिय योजना लहान गटाला परवडते: किमान पाच शेतकरी एकमेकांच्या बागा तपासतात आणि बाहेरच्या संस्थेचे शुल्क लागत नाही. सेंद्रिय म्हणून निर्यातीसाठी मात्र एनपीओपीचेच (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणपत्र लागते आणि कोकोसारख्या बहुवर्षायू पिकाला त्यात साधारण तीन वर्षांचा रूपांतरकाळ धरतात. त्या काळात माल साध्या भावानेच जातो.