एका रिपोर्टमागची शंभर वर्षं

सोलापुरात सकाळी लॅबचं शटर वर गेलं की रात्रपाळी सुटलेले यंत्रमाग कामगार दारात उभेच असतात. उपाशीपोटीचं रक्त देऊन घरी जायचं आणि झोपायचं, एवढाच त्यांचा हिशोब. गेल्या उन्हाळ्यात असेच एक मास्तर आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं सडसडीत, हातपाय काटकुळे, फक्त शर्टाच्या खालच्या दोन बटणांपाशी कापड ताणलेलं. रात्री पाळीवर चहासुद्धा घेतला नव्हता, हे मी दोनदा विचारून घेतलं. ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढली तेव्हा लाल पेशी तळाला गेल्या होत्या. वर सीरम हवं फिकट पिवळं, आरपार दिसणारं. त्यांचं मात्र धुरकट होतं, कुणी त्यात चमचाभर ताक ढवळल्यासारखं.

रिपोर्टवर एकूण कोलेस्टेरॉल १९५, एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ९६. दोन्ही मर्यादेत. बिघाड होता तो खालच्या तिन्हींत: सीरम धुरकट करणारी चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, ३४०; 'चांगलं' कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ३१; उपाशीपोटीची साखर ११४. मास्तरांनी वरची ओळ पाहिली आणि विचारलं, "कोलेस्टेरॉल नॉर्मल हाय ना ओ मॅडम?" जवळजवळ सगळेच हे विचारतात. वरच्या ओळीला इतकं वजन कसं आलं आणि खालच्या तीन आकड्यांकडे दुर्लक्ष का झालं, याच्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

सुरुवात खरं तर एकत्रच झाली होती. १९२३ मध्ये स्वीडनच्या किलिन नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की रक्तदाब, वाढलेली साखर आणि युरिक ॲसिडचा संधिवात एकाच माणसात पुन्हापुन्हा एकत्र दिसतात. १९४७ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या जाँ वाग यांनी आणखी एक गोष्ट हेरली: चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. पोटाभोवती साठणारी चरबी मधुमेह आणि रक्तवाहिन्यांच्या रोगाकडे नेते, मांड्यांवरची तेवढी नेत नाही. ही दोन्ही निरीक्षणं तेव्हा बाजूलाच पडली.

मग आला आकड्यांचा काळ. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५,२०९ लोकांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. पुढे १९६१ मध्ये त्याच अभ्यासातून 'जोखमीचे घटक' ही कल्पना रूढ झाली: कोलेस्टेरॉल, रक्तदाब, असे एकेक मोजायचे घटक. त्याआधीच, १९५० च्या सुमारास, कॅलिफोर्नियात जॉन गॉफमन अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये रक्तातली चरबी तिच्या घनतेनुसार वेगळी करत होते. एलडीएल आणि एचडीएल या नावांतला 'डी' म्हणजे तीच घनता. ते यंत्र प्रचंड महाग होतं, प्रत्येक लॅबमध्ये येणं शक्यच नव्हतं. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर साधी वजाबाकी शोधली: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरतं ते एलडीएल. मास्तरांचं ९६ असंच निघालं. १९५ वजा ३१ वजा ६८. म्हणजे जो आकडा पाहून त्यांच्या जिवाला बरं वाटलं, तो कमी दिसण्यात चढलेल्या ट्रायग्लिसराइडचाही हात होता.

ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी एलडीएल पेशीत कसं शिरतं ते उलगडलं, १९८५ चं नोबेल मिळवलं. दोन वर्षांत पहिलं स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारं औषध, बाजारात आलं आणि लाखो जीव वाचले. यात वाद नाही. पण औषध ज्या आकड्यावर चालतं, तोच आकडा सगळ्यांच्या डोळ्यांत बसला. साखर मधुमेहवाल्यांकडे गेली, छाती हृदयवाल्यांकडे. १९७९ मध्ये फ्रॅमिंगहॅमनेच दाखवलं होतं की मधुमेहींना रक्तवाहिन्यांच्या रोगाचा धोका दुप्पट ते तिप्पट असतो. तरी खाती वेगळीच राहिली.

१९८८ मध्ये स्टॅनफर्डच्या जेराल्ड रिव्हन यांनी मधुमेह संशोधनातल्या मानाच्या बँटिंग व्याख्यानात ही खाती पुन्हा जोडली. इन्शुलिन असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. मग चरबीच्या पेशी आतली चरबी रक्तात सोडत राहतात, यकृत तिचे ट्रायग्लिसराइडचे गोळे बांधून बाहेर पाठवतं, ते एचडीएलशी आणि एलडीएलशी मालाची अदलाबदल करतात. एचडीएल घटतं. एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात. चादरींच्या भाषेत सांगायचं तर गोदामातून माल तेवढाच निघतो, पण मोठ्या ट्रकऐवजी छोट्या टेम्पोंतून. एलडीएलचा आकडा माल मोजतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात ते टेम्पो. प्रत्येक टेम्पोवर अपोबी नावाचं एकच प्रथिन असतं, म्हणून अपोबी मोजलं की गाड्या मोजल्या जातात. ती चाचणी परवडत नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करावं. मास्तरांचं ते १६४ आलं, आणि ते १३० च्या आत असावं असं मानतात. हा आकडा काढायला एक पैसा लागत नाही. प्रत्येक रिपोर्टवर तो ठळक छापलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

रिव्हन यांनी लठ्ठपणाला आपल्या यादीत मुद्दाम जागा दिली नव्हती, कारण बारीक माणसातही हा प्रकार असू शकतो. इथून धागा आपल्याकडे येतो. १९९१ मध्ये संशोधक मॅकीग यांनी लंडनमधल्या दक्षिण आशियाई लोकांत पोटाची चरबी, इन्शुलिनला न जुमानणाऱ्या पेशी आणि हृदयविकार यांची सांगड दाखवली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक तोच प्रश्न पाळण्यापर्यंत मागे घेऊन गेले. पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. बारीक दिसणारा माणूस आतून जाड कसा असतो, हे त्या एका फोटोने जगाला सांगितलं. मला तो फोटो आठवला की आमच्या बाकड्यावर बसलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. हातमागावर हात आणि पाय दोन्ही चालायचे. यंत्रमागावर माणूस तास न् तास उभा राहून तुटलेला धागा सांधतो. घाम तेवढाच निघतो, स्नायू मात्र तेवढे राबत नाहीत.

दुसरा प्रवाह थेट हृदयातून निघाला, आणि तोच मला सगळ्यात विलक्षण वाटतो. १९८१ मध्ये कॅनडात अडॉल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात लघवी आणि मीठ भराभर बाहेर पडू लागलं. म्हणजे हृदय नुसता पंप नाही, ते संप्रेरकही बनवतं. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड सापडलं, म्हणून नाव पडलं बीएनपी, आणि नंतर कळलं की ते मुख्यतः हृदयातूनच येतं. हृदयावर ताण आला की ते वाढतं, म्हणून धाप लागलेल्या रुग्णात ते तपासतात.

पण २००० मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी दाखवलं की हृदयाचं हे संप्रेरक माणसाच्या चरबीच्या पेशींना चरबी वितळवायला लावतं. २००४ मध्ये फ्रॅमिंगहॅमच्या लोकांत दिसलं की लठ्ठ माणसांत ते कमीच असतं. पुढच्या अभ्यासांत ज्यांचं कमी, त्यांना नंतर मधुमेह होण्याची शक्यता जास्त निघाली. त्यामुळे जाड माणसाला धाप लागते आणि बीएनपी 'नॉर्मल' येतं, तेव्हा हृदय ठीक आहे असं लगेच म्हणता येत नाही. उलट मधुमेह्याचं ते वाढलेलं आलं, तर सूज-धाप दिसण्याआधीच हृदय थकत चालल्याची ती खूण असू शकते. म्हणूनच २०२२ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने मधुमेहींसाठी वर्षातून एकदा बीएनपी किंवा अतिसंवेदनशील ट्रोपोनिन तपासण्याचा सल्ला दिला. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूचंच प्रथिन, झटका आला की रक्तात उतरणारं.

रक्तातली आणखी एक खूण म्हणजे सीआरपी, शरीरात दाह असला की वाढणारं प्रथिन. ते १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. पोटाची चरबी यकृताला ते बनवायला भाग पाडते, हे फार नंतर कळलं. साध्या सर्दीतापानेही ते चढतं, त्यामुळे एका तपासणीवर भिस्त ठेवू नये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय, किडनी आणि चयापचय यांना एकाच आजाराच्या नावाखाली आणलं. किलिन यांच्या निरीक्षणाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. त्याच वर्षी आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या अभ्यासाचे आकडे आले: देशात १०.१ कोटी मधुमेही, १३.६ कोटी उंबरठ्यावर.

मास्तरांना मी डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि कमरेचं माप घेऊ का विचारलं. आमच्या गल्लीत युनिफॉर्म शिवायचे कारखाने, टेप शेजारून लगेच मिळाली. "पॅन्ट चौतीसचीच हाय की ओ, वीस वर्षं झाली," ते म्हणाले. शिंपी माप घेतो ते पोटाच्या खाली, जिथे पट्टा बसतो तिथे. तपासणीचं माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घ्यायचं, श्वास सोडून. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटीमीटर, बायकांसाठी ८०. टेप अडतीस इंचांवर थांबली, म्हणजे साडेशहाण्णव सेंटीमीटर. मास्तरांनी स्वतः टेप हातात घेऊन पुन्हा मोजलं, आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात मला तो आकडा लिहून द्यायला लावला.