वाणिज्य-अभियंता शिक्षण : लॉजिस्टिक्स व आंतरराष्ट्रीय व्यापार

वाणिज्य-अभियंता शिक्षण : अभियांत्रिकी आणि व्यवसाय या दोन विद्याशाखांचे विषय एकाच विद्यार्थ्याला एकत्रितपणे शिकविण्याची पद्धती. कारखान्याचे व्यवस्थापन हे तिचे मूळ क्षेत्र. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालाची वाहतूक, साठवण आणि आयात-निर्यात या कामांकडे ती वळली आणि आज अनेक देशांत लॉजिस्टिक्स ही तिची स्वतंत्र उपशाखा मानली जाते. प्रस्तुत नोंद या उपशाखेपुरती आहे.

उगम : या शिक्षणाचा आरंभ कोठे झाला याविषयी एकमत नाही. जर्मन लेखक सामान्यतः बर्लिन-शार्लोटेनबुर्ग येथील तांत्रिक उच्चविद्यालयाला हा मान देतात. तेथे विली प्रिओन (१८७९–१९३९) या व्यवसाय-अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९२६-२७ च्या सुमारास अर्थव्यवहार आणि तंत्र यांचा जोड अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन उद्योगात खर्चकपातीची आणि प्रमाणीकरणाची जी चळवळ चालू होती, तिला तांत्रिक शिक्षण घेतलेली पण हिशेब वाचता येणारी माणसे हवी होती. या पदवीधरांची संघटना १९३२ मध्ये स्थापन झाली. म्हणजे तोवर व्यवसाय म्हणून त्यांची ओळख बऱ्यापैकी रुजली होती.

अमेरिकन लेखक याहून मागे जातात. ह्यूगो डायमर यांनी कॅन्सस विद्यापीठात १९०१-०२ च्या सुमारास औद्योगिक अभियांत्रिकीचे पाठ दिले आणि पुढे १९०८-०९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने (एमआयटी) १९१४ मध्ये अभियांत्रिकी प्रशासनाचा अभ्यासक्रम काढला. आजची तेथील व्यवस्थापन प्रशाला त्याच्यातूनच वाढली.

तिसरा दावा बेल्जियमचा असून तो इंग्रजी ग्रंथांत क्वचितच भेटतो. ब्रुसेल्स येथे एर्नेस्ट सॉल्व्हे (१८३८–१९२२) यांच्या देणगीतून १९०३ मध्ये वाणिज्यशाळा स्थापन झाली आणि तिने ‘वाणिज्य अभियंता’ ही पदवी द्यायला सुरुवात केली. अमोनिया प्रक्रियेने सोडा तयार करणाऱ्या सॉल्व्हे यांचे कारखाने आणि परवानाधारक अनेक देशांत पसरलेले होते. कच्चा माल, रसायनप्रक्रिया, वाहतूक आणि परदेशी बाजार हे सर्व एकाच धंद्यात सांभाळणाऱ्या उद्योजकाने ही शाळा काढली, हा केवळ योगायोग नसावा. अमेरिकन अभ्यासक्रमांचा रोख कारखान्याच्या आतल्या कामावर, वेळ-मापनावर आणि मजुरीवर होता. ब्रुसेल्सच्या शाळेत मात्र विज्ञान-तंत्राचे विषय आणि व्यापार आरंभापासून शेजारी होते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अंगाने पाहता १९०३ हे वर्ष ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक वाटते. बर्लिनचे महत्त्व वेगळे आहे. तेथील आराखडा इतर तांत्रिक विद्यालयांनी उचलला, ब्रुसेल्सचा मुख्यतः बेल्जियममध्येच राहिला.

काही अभ्यासक ही परंपरा गटिंगेनचे प्राध्यापक योहान बेकमान (१७३९–१८११) यांच्यापर्यंत मागे नेतात. बेकमान यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कारागिरीच्या प्रक्रिया आणि पण्यज्ञान (व्यापारी मालाची ओळख, पारख व मूळस्थान यांचे शास्त्र) हे दोन्ही विषय शिकविले. हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वाणिज्यशाळांत पण्यज्ञान हा नेहमीचा विषय होता. रंग, तेल, धागे, धातू यांचे नमुने हाताळून विद्यार्थी माल ओळखायला शिकत. विसाव्या शतकात हा विषय बहुतेक ठिकाणी मागे पडला. जकातीच्या वर्गीकरणासाठी आज त्याचीच उणीव भासते. त्याविषयी पुढे येईल.

लॉजिस्टिक्सशी सांधा : ही जोडशाखा कारखान्याच्या दाराबाहेर पडली ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण गणिती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वाहतुकीचे प्रश्न समीकरणांत मांडता येऊ लागले. एल. व्ही. कांटोरोव्हिच (१९३९), एफ. एल. हिचकॉक (१९४१) आणि जॉर्ज डान्ट्झिग (१९४७) ही त्यांतील ठळक नावे. अनेक गोदामांतून अनेक बाजारांत कमीत कमी खर्चात माल कसा पोचवावा, याला पद्धतशीर उत्तर मिळाले. दुसरे कारण कंटेनर. माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर नेले. मॅक्लीन हे मूळचे ट्रकधंद्यातले. कंटेनरच्या मापांचे आंतरराष्ट्रीय मानक १९६८ मध्ये आले. त्यानंतर ट्रक, रेल्वे, क्रेन आणि जहाज यांची रचना एकमेकांशी बांधली गेली, आणि भाडे ठरविणाऱ्याला मालाचे वजन व घनफळ यांचे गणित टाळता येईना. वीस फुटी कंटेनरमध्ये लोखंडी सुटे भाग भरले तर जागा उरते पण वजनाची मर्यादा गाठली जाते; फोमच्या गाद्या भरल्या तर वजन नगण्य राहते आणि जागा संपते.

साठ्याचे सूत्र : या शिक्षणात सर्वप्रथम शिकविल्या जाणाऱ्या सूत्रांत किफायतशीर मागणी-परिमाणाच्या (एका वेळी किती माल मागवावा हे सांगणाऱ्या) सूत्राची गणना होते. त्याच्या जनकत्वाचा वाद बराच काळ चालला. अमेरिकेत ते आर. एच. विल्सन (१९३४) यांच्या नावाने, जर्मन भाषी देशांत कुर्ट आंडलर (१९२९) यांच्या नावाने ओळखले जाई. वस्तुतः फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी ते १९१३ मध्येच एका औद्योगिक मासिकात मांडले होते. मूळ लेखाचा पत्ता अनेक दशके कोणाच्या ध्यानात राहिला नव्हता. डोनाल्ड एर्लेनकॉटर यांनी १९८० च्या दशकाअखेर तो शोधून पुन्हा उजेडात आणला, आणि आता हॅरिस यांचेच प्राधान्य मानले जाते. हॅरिस यांच्याजवळ अभियांत्रिकीची औपचारिक पदवी नव्हती, ही गोष्ट पदव्यांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

सूत्र असे : वार्षिक गरज आणि एका मागणीमागचा ठरावीक खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला एका नगाच्या वार्षिक साठवणखर्चाने भागावे आणि वर्गमूळ काढावे. उदाहरणादाखल वार्षिक गरज १०,००० नग, दर मागणीमागे खर्च २,००० रुपये आणि दर नगामागे साठवण ४० रुपये धरू. उत्तर १,००० नग येते. वर्षाला १० मागण्यांचा खर्च २०,००० रुपये आणि सरासरी ५०० नगांच्या साठ्याचा खर्चही २०,००० रुपये, एकूण ४०,०००. कारखान्यातल्या कारखान्यात हिशेब येथे संपतो.

आता हाच माल परदेशातून येतो, एका कंटेनरमध्ये १,२५० नग मावतात आणि कंटेनरचे भाडे तो भरलेला असो वा अर्धा रिकामा, १,५०,००० रुपये आहे असे समजू. हजार-हजार नग मागविले तर १० कंटेनर, म्हणजे १५ लाख रुपये भाडे. साडेबाराशे मागविले तर ८ कंटेनर, म्हणजे १२ लाख. मागणी व साठवण यांचा खर्च ४०,००० वरून फक्त ४१,००० वर जातो. हजार रुपये जास्त घालून तीन लाख वाचतात. शिवाय प्रवास ३० दिवसांचा असेल तर सरासरी ८२० च्या आसपास नग सदैव समुद्रावर असतात, आणि खरेदी एफओबी अटीवर (माल जहाजावर चढल्यापासून जोखीम खरेदीदाराची) असेल तर त्यांत अडकलेला पैसा आयातदाराचा असतो. सूत्र अभियंत्याचे, भाड्याचा दर शिपिंग कंपनीच्या दरपत्रकातला आणि अडकलेल्या पैशाचा प्रश्न बँकेचा. उत्तर मात्र एकच काढायचे असते. या अभ्यासक्रमाचे प्रयोजन अशा प्रश्नांत आहे. दोन विद्याशाखांच्या विषयांची यादी नुसती शेजारी ठेवल्याने ते साध्य होत नाही.

सुपूर्दगीच्या अटी : आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने इन्कोटर्म्स या नावाने १९३६ मध्ये व्यापारी अटींचे संकलन प्रथम केले, २०२० च्या आवृत्तीत ११ अटी आहेत. भारतीय निर्यातदारांच्या तोंडी सर्वांत जास्त असणारी अट एफओबी. तिच्यात माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असते. पूर्वी जहाजाचा कठडा ओलांडण्याचा क्षण निर्णायक मानत. २०१० च्या आवृत्तीत तो कठडा गेला आणि माल जहाजावर ठेवला जाणे हे गमक आले. परंतु कंटेनर निर्यातदाराच्या हातून टर्मिनलवर किंवा कंटेनर फ्रेट स्टेशनवरच सुटतो आणि जहाजावर चढेपर्यंत तेथे काही दिवस उभा राहू शकतो. या अवधीत नुकसान झाले तर एफओबीवर विकणारा बिनकामाची जोखीम वाहतो. म्हणून कंटेनरमधील मालासाठी एफसीए (ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या हाती माल देताच विक्रेत्याची जोखीम संपते) ही अट योग्य, अशी मंडळाची शिफारस आहे. तरी एफओबी सुटत नाही, कारण पतपत्राखाली (खरेदीदाराच्या वतीने पैसे देण्याच्या बँकेच्या हमीखाली) पैसे देणाऱ्या बँकेला बहुधा माल जहाजावर चढल्याची नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) हवे असते. २०२० च्या आवृत्तीत एफसीएखालीही अशी नोंद मिळविण्याची सोय केली आहे. क्रेनखाली काय घडते हे पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा सारा बदल चटकन समजतो. पुस्तकावरून अटी पाठ करणाऱ्याला तो शब्दच्छल वाटतो.

शुल्कवर्गीकरण : जगातील बहुसंख्य देश १ जानेवारी १९८८ पासून अमलात असलेली सुसंवादी वर्गीकरण पद्धती (एचएस) वापरतात. तिचे पहिले सहा अंक सर्वत्र समान असतात. भारतात आठ अंकी संकेतांक चालतो. संकेतांकावर जकात, सवलत, परवाना आणि मुक्त व्यापार करारातील मूळदेशाचा निकष अवलंबून असतो. मोटारीसाठी बनविलेले बॉल बेअरिंग घेऊ. सामान्य समज असा, की मोटारीचा सुटा भाग म्हणून ते ८७०८ या शीर्षकात (संकेतांकाचे पहिले चार अंक) जाईल. पण वाहनांच्या सतराव्या विभागाच्या टिपेने ८४८२ (बेअरिंग) शीर्षकातील वस्तू ‘सुटे भाग’ या संज्ञेतून वगळल्या आहेत. म्हणून बेअरिंग कोणत्याही यंत्रात बसो, त्याचे शीर्षक ८४८२. येथे कायद्याची टीप वाचता आली पाहिजे आणि समोरचा नग बेअरिंग आहे की बेअरिंग बसविलेली हब-जुळणी, हेही ओळखता आले पाहिजे. जुन्या वाणिज्यशाळांतील पण्यज्ञानाची उणीव भासते ती अशा वेळी.

शिक्षणाचे प्रकार : ढोबळमानाने दोन. जर्मनी, बेल्जियम व स्वीडनमध्ये दोन्ही विषय पहिल्या सत्रापासून बरोबर शिकविण्याचा प्रघात आहे; स्वीडनमधील लिन्शपिंग येथे औद्योगिक अर्थशास्त्राचा असा अभियांत्रिकी अभ्यासक्रम १९६९ मध्ये सुरू झाला. अमेरिका, ब्रिटन व भारतात आधी अभियांत्रिकीची पदवी आणि मग व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, असा क्रमवार मार्ग रूढ आहे. क्रमवार मार्गाचे समर्थक मधल्या नोकरीच्या अनुभवावर भर देतात आणि त्यात तथ्य आहे. तथापि क्रमवार शिकणाऱ्याला दोन विषय जोडण्याचे काम बहुधा स्वतःच करावे लागते. कंटेनरच्या वरील उदाहरणासारखा प्रश्न त्याला दोन वेगळ्या परीक्षांत, अर्धा-अर्धा भेटतो. लॉजिस्टिक्सपुरता तरी एकत्रित मार्ग सरस वाटतो. एमआयटी व स्पेनमधील आरागॉन प्रांताचे शासन यांच्या सहकार्याने २००३ मध्ये निघालेले सारागोसा येथील केंद्र पदव्युत्तर असूनही मोठ्या लॉजिस्टिक्स वसाहतीशी जोडलेले आहे, हे त्याचे वैशिष्ट्य.

भारत : येथे दोन्ही प्रवाह आरंभापासून वेगळे वाहिले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम १८५४ मधला, मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १८८७ मधली आणि सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ मधले. त्यांच्यात जोड अभ्यासक्रम निघाला नाही. १९६३ या एकाच वर्षी पवई येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था (नीटी) आणि दिल्लीत भारतीय विदेश व्यापार संस्था स्थापन झाल्या. एक शिक्षण खात्याशी जोडलेली, दुसरी वाणिज्य खात्याशी. एकीकडे साठा व उत्पादनाचे गणित शिकविले गेले, दुसरीकडे निर्यातीचे धोरण व कागदपत्रे. नीटीतून पुरवठा साखळीत काम करणाऱ्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या. २०२३ मध्ये तिचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई असे झाले.

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि चाकण-पिंपरीपासून नाशिकच्या द्राक्षांपर्यंतचा माल कंटेनरने बाहेर जाऊ लागला. या कामाचे शिक्षण मात्र प्रामुख्याने क्लिअरिंग एजंटांच्या (सीमाशुल्क दलालांच्या) कार्यालयांतच होत राहिले. बिल ऑफ एंट्री (आयातीचे) व शिपिंग बिल (निर्यातीचे सीमाशुल्क-विवरण) भरण्यापासून शेडमधील तपासणीपर्यंत सारे काही तेथे हाताखाली राहून शिकायचे. सीमाशुल्क दलालाच्या परवान्यासाठी परीक्षा असते, पण तिचा भर कायदा व कार्यपद्धतीवर आहे.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाल्यावर या विद्याशाखेची गरज नव्याने दिसली. त्याआधी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहान डेपो ठेवत आणि माल ‘स्टॉक ट्रान्सफर’ (विक्री न करता स्वतःच्याच डेपोत हलविलेला साठा) म्हणून पाठवत. गोदाम कोठे असावे हे अंतरापेक्षा कर ठरवीत होता. ते कारण गेल्यावर मोजक्या मोठ्या गोदामांचे गणित पुन्हा मांडावे लागले. भिवंडी परिसरातील गोदामांच्या वाढीला यानेही हातभार लावला. राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण १७ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर झाले. त्याच वर्षी वडोदरा येथील रेल्वे व परिवहन संस्थेला गतिशक्ती विद्यापीठ या नावाने केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा देणारा कायदा झाला; तेथे परिवहनाच्या अभियांत्रिकी व व्यवस्थापन या दोन्ही बाजू एका छत्राखाली आणण्याचा प्रयत्न आहे.